‘पाणी दे’ची बंदिश

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
१९ जानेवारी २०२५

निशा,

जयभीम.

फोन तू उचलत नाहीस आणि मेसेजवर निळ्या खुणा उमटतात, त्यापुढं काही होत नाही. म्हणून आज पोस्टातून पाकीट आणलं. पाकिटाचं एक बरं असतं, फाडायचं म्हटलं तरी हातात घ्यावं लागतं. धारवाडचा पत्ता तुझ्या संगीत विद्यालयाच्या कार्यक्रमपत्रिकेवरून उतरवून घेतलाय. चुकला असेल तर पोस्टमन वाचील, त्याची करमणूक होईल.

इथलं नवीन म्हणजे मी एक उद्योग सुरू केलाय. महिन्यातून एका रविवारी सकाळी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये गावातल्या एका कलावंताला बोलवायचं आणि लोकांसमोर विचारायचं, ‘सध्या काय?’ कार्यक्रमाचं नावही तेच. जुने सत्कार, जुन्या आठवणी काढायच्या नाहीत. आत्ता काय करताय, कुठं अडलंय, तेवढंच बोलायचं. आपल्या गावात आम्ही नाटकवाले गाण्याला जात नाही आणि गाणारे नाटकाला येत नाहीत. दोघं एकाच टपरीवर चहा पितात आणि एकमेकांना ओळखत नाहीत. वाटलं, एका सतरंजीवर बसवून बघू.

आज पहिला पाहुणा अजिनाथ होता. करमाडकडचा, मेंढपाळांच्या घरातला. विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातून शिकून आलाय आणि काम जीव ओतून करतो. त्याच्या नव्या एकांकिकेत म्हणे माणूसच नाही, नुसती मेंढरं. एका काकांनी विचारलं, “मग बोलणार कोण?” तर म्हणाला, “कुणीच नाय काका. माणसं लई बोलतात, म्हणून तर हे लिवायला घेतलं.” हॉल हसला. मग त्यानं कबूल केलं की पहिल्या प्रवेशानंतर गाडं अडलंय, शब्दाशिवाय पुढं कसं जायचं ते त्याला कळत नाही. मला आवडलं. अडलेलं असं चारचौघांत कोण सांगतं?

पुढच्या महिन्यात तात्यासाहेब यायला तयार झालेत. तुझे तात्यासाहेब. तुला सारेगम शिकवलेले. ‘नाटकवाल्यांच्या सतरंजीवर मी काय बोलू’ म्हणून आधी लई आढेवेढे घेतले.

बाबा बरे आहेत. हल्ली भांडत नाहीत. सकाळी गॅलरीत ऊन खात बसतात. मफलर मी बांधून देते. आजच्या कार्यक्रमालाही आले होते, पुढच्या रांगेत बसून सगळं ऐकलं.

शाळा ठीक. वर्गात यंदा पोरं कमी आहेत.

तुझी
करुणाताई


२३ फेब्रुवारी

निशा,

उत्तर नाही आलं. तरी हे लिहितेय, आणि आज लिहिताना काही लपवता येणार नाही.

मागच्या पत्रात लिहिलं की बाबा भांडत नाहीत. खरं असं आहे की बाबा बोलतच नाहीत. ऑक्टोबरात एका सकाळी दाढी करता करता ते मोरीत कोसळले. अर्धांगवायूचा झटका. उजवी बाजू गेली. पाय आता बराच सावरलाय, काठी घेऊन चालतात. हात अजून लुळाच आहे. आणि बोलणं गेलं. समजतं सगळं. पण ‘चहा’ म्हणायचं तर तोंडातून नुसतं ‘त…त…’ येतं, मग रागानं लाल होतात आणि भिंतीकडं तोंड करून झोपतात. डॉक्टर म्हणाले, शब्द आत शाबूत आहेत, बाहेर यायची वाट बुजलीय. संस्कृती नावाची एक स्पीच थेरपिस्ट मुलगी घरी येते, चित्रांचा तक्ता दाखवून व्यायाम घेते.

तुला का नाही कळवलं? तुझं नाव काढलं की बाबा जोरजोरात मान हलवायचे. नाही, नाही, नाही. मी मानलं, त्यांना तू नको आहेस. दवाखान्यातही तसंच, घरी आल्यावरही तसंच. आजारी माणसाशी कुठं वाद घालणार?

आता आजचं ऐक.

तात्यासाहेब आले. पांढरा झब्बा, खांद्यावर शाल, छातीशी तानपुरा. बाबांना मी घरी एकटं ठेवत नाही, म्हणून तेही होते. तात्यासाहेब दिसले तशी बाबांनी खुर्ची ओढून पाठ केली. तुला माहीतच आहे, ‘माझी पोर ह्या माणसानं नेली’ हे त्यांच्या डोक्यातून कधी गेलं नाही.

मी विचारलं, “तात्यासाहेब, सध्या काय?”

ते म्हणाले, “अगं, आमच्यात सध्या काय नि पूर्वी काय! जे हजारदा गायलं तेच नीट लागावं, एवढीच खटपट. नवं काम तुम्हा नाटकवाल्यांना लागतं, दर स्पर्धेला.”

अजिनाथ मागून उठला. “मग गुरुजी, तुमचं गाणं ऐकायला आम्ही का यावं? कालचं ऐकलंच होतं की.”

मला वाटलं, म्हातारा उठून जाणार. पण तात्यासाहेब हसले. म्हणाले, “बिलकुल वाजवी सवाल. बोलून पटणार नाही, बस.” आणि जौनपुरी राग सुरू केला. आवाज थकलाय गं त्यांचा. वर जाताना कापतो. पण तो कापरा सूर ते लपवत नाहीत, तसाच ठेवतात समोर.

आणि त्या सुरात दुसरा एक सूर मिसळला. मला आधी वाटलं, कुणाचा फोन वाजतोय. मग सगळ्यांच्या माना वळल्या. बाबा होते. पाठ केलेलीच, डोळे मिटलेले, डावा हात गुडघ्यावर ठेका धरून. तात्यासाहेब थांबले नाहीत, आवाज लहान केला आणि बाबांना जागा दिली. आणि बाबा गायले, निशा. नुसता सूर नाही, शब्द. त्यांचंच जुनं गाणं, जयंतीला म्हणायचे ते:

‘उजेडाच्या वाटेवरी बाप माझा उभा हाय…’

स्वच्छ. एकही अक्षर अडलं नाही. चार महिने ज्या तोंडातून ‘चहा’ निघत नव्हता त्यातून अख्खी ओळ. मी धावत जाऊन विचारलं, “बाबा, बोला, काय झालं?” तर पुन्हा ‘त…त…’

संस्कृतीला तिथूनच फोन लावला. ती म्हणाली, असं होतं. बोलण्याची आणि गाण्याची वाट मेंदूत वेगळी असते. एक बंद पडली तरी दुसरी कधी कधी चालू राहते. “सुरातून शब्दाकडं आणता येतं थोडंफार. सगळं परत येईल असं नाही सांगत हं मी. पण करून बघू.”

तात्यासाहेब तानपुरा गवसणीत घालत होते. मला जवळ बोलावून म्हणाले, “कल्पना नव्हती मला. सखारामजींना मी उद्या भेटायला आलो तर चालेल?”

मी बाबांकडं पाहिलं. बाबांनी हो म्हटलं नाही, पण मानही हलवली नाही.

निशा, तू ये.

करुणाताई


धारवाड
५ मार्च

ताई,

दोन्ही पत्रं मिळाली. पहिलं वाचून हसले होते, त्याची आता लाज वाटते.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी. त्यांचा मफलर तू बांधत होतीस आणि मला मेंढरांच्या एकांकिका सांगत होतीस. त्या महिन्यांत मी इथं दोन मैफिली केल्या. लोकांनी वाहवा केली. माझा बाप मुका झाला होता आणि मी ‘वाहवा’ ऐकत होते. हे मला करायला लावलंस तू.

ते मान हलवतात म्हणजे त्यांना मी नको आहे, हे तुला पटलं. मलाही पटतंय. त्या जयंतीला भडकल गेटजवळच्या स्टेजवर त्यांचं गाणं म्हणायला त्यांनी माइकवरून माझं नाव पुकारलं. तात्यासाहेबांनी तेव्हा शास्त्रीय सोडून दुसरं काही गायची मनाई केली होती, ते मी त्यांना घरी सांगितलं होतं. तरी पुकारलं. मी नाही म्हटलं तेव्हा सगळ्या गल्लीसमोर म्हणाले, “माझ्या चालीत गाणार नसशील तर माझ्या घरातही गाऊ नको. जा.” ते त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं.

मग ‘ये’ पण त्यांनीच म्हणावं. तू म्हणून उपयोग नाही. बाबांनी म्हटलं तर येईन.

त्यांना बोलता येत नाही हे मला कळतं. मी दुष्ट आहे असं वाटलं तर वाटू दे.

औषधं काय चालू आहेत ते कळव.

निशा


१६ मार्च

निशा,

औषधांच्या चिठ्ठीची प्रत सोबत जोडलीय.

तुझं पत्र मी बाबांना वाचून दाखवलं. एक शब्द गाळला नाही. ‘मी दुष्ट आहे’ तिथं ते अस्वस्थ झाले आणि पुन्हा तीच मान. नाही, नाही. नेमकी संस्कृती आली होती. ती म्हणाली, “काका, कशाला नाही? दाखवा.” तिनं तक्ता पुढं केला. बाबांनी तक्ता बाजूला सारला. डावं बोट उचललं आणि स्वतःच्या ओठावर ठेवलं. उजवीकडं ओघळलेल्या कोपऱ्यावर. मग तोच हात डोळ्यांवर आडवा धरला.

त्यांना तू नको आहेस असं नाही गं. तू त्यांना असं बघावंस, ते त्यांना नको आहे.

एवढे महिने मी त्या मानेचा अर्थ माझ्या मनानं लावत बसले.

तात्यासाहेब दुसऱ्या दिवशी खरंच आले होते. तुला इतकी वर्षं शिकवलं त्यांनी, पण आपल्या घराची पायरी कधी चढले नव्हते, आठवतं? तू जायचीस त्यांच्याकडं. बाबा हे विसरलेले नाहीत. जिना चढून आले, खुर्चीत टेकले, धापा टाकत मला म्हणाले, “पोरी, आधी पाणी दे.” मी तांब्या-भांडं आणलं. ते घटाघटा प्यायले. बाबा खाटेवरून नुसते त्यांच्या गळ्याकडं बघत होते. भांडं रिकामं झालं तेव्हा पुन्हा म्हणाले, “अजून दे.”

मग मला म्हणतात, “आपण इथूनच सुरू करू. ‘पाणी दे.’”

आणि त्यांनी त्याला चाल लावली. साधी, चार सुरांची. बाबांच्या डाव्या हातावर स्वतःच्या हातानं ठेका द्यायचा आणि दोघांनी मिळून म्हणायचं. पाऽणी दे. पाऽणी दे. पहिल्या दिवशी बाबांनी नुसता सूर धरला. दुसऱ्या आठवड्यात ‘दे’ आला. परवा मी स्वयंपाकघरात होते आणि बाहेरून गाणं आलं, “पाऽणी दे.” तात्यासाहेब त्या दिवशी आलेले नव्हते. बाबा एकटेच होते. खरोखर तहान लागलेली.

माझ्या हातून भांडं पडलं.

आता ‘दार लाव’ चाललंय आणि ‘चहा गोड नाही’. हे तिसरं बाबांनीच सुचवलं, कप पुढं ढकलून. तात्यासाहेब त्याला काफी राग म्हणतात, मला तर नुसतं भांडणच ऐकू येतं.

‘ये’ मात्र मी त्यांच्याकडून म्हणवून घेणार नाही. तसं केलं तर ते माझंच म्हणणं होईल.

करुणाताई


१५ एप्रिल

निशा,

काल जयंती झाली. आपली गल्ली निळ्या पताकांनी भरून गेली होती. बाबांचे जुने साथीदार वर भेटायला आले. ढोलकी आणली होती. बाबांनी त्यांना दोन ओळी म्हणून दाखवल्या, तिसरीत अडकले, तेव्हा खाली गल्लीत उभ्या असलेल्या लोकांनी तिसरी पुरी केली. सगळ्यांना पाठ आहे गं त्यांचं गाणं. बाबा हसले. ओठ वाकडा असूनही हसले आणि हात आडवा धरला नाही.

पण आधी भांडणाचं सांगते. अजिनाथ बाबांना बघायला यायचा, तर एकदा तात्यासाहेबांच्या तालमीच्या वेळी आला. तासभर कोपऱ्यात बसून राहिला. मग जिन्यात मला गाठून म्हणाला, “ताई, मेंढरांचं राहू द्या. मला हे करायचंय. एका घरात बापाचे शब्द गेलेत आणि घर पुन्हा बोलायला शिकतंय. तुम्ही लिवा, मी करतो.”

मी भडकले. “माझ्या बापाचं वाकडं तोंड तिकीट लावून दाखवायचं का?”

“तसं नाय ताई.”

“मग कसं?”

दार उघडंच होतं. आतून बाबांचा आवाज आला. ‘पाणी दे’च्याच चालीवर, पण शब्द दुसरे. “कऽरू दे.”

हे कुणी शिकवलं नव्हतं. तात्यासाहेबांचे डोळे एवढे झाले.

बाबांनी अजिनाथला जवळ बोलावलं, करून दाखव म्हणून खूण केली. त्यानं उजवा हात लुळा सोडला, ओठ एका बाजूला ओघळू दिला, अगदी हुबेहूब. बाबांनी डावा हात वर नेला, अजिनाथच्या ओठाचा कोपरा बोटानं धरला आणि सरळ केला. मग त्याच्या गळ्यावर बोट टेकवलं. अडायचं ते इथं.

अजिनाथनं त्याच जागी स्वतःचं बोट टेकवून पाहिलं. मग म्हणाला, “कळलं बाबा.”

तर नाटक होणार आहे. मी लिहितेय. तात्यासाहेब संगीत करतायत. हो, नाटकाला. मी त्यांना चिडवलं, “सध्या काय, तात्यासाहेब?” म्हणाले, “सध्या ‘दार लाव’चा अंतरा बसत नाही गं. आयुष्यात इतकं अवघड काम केलं नाही. राग मोडला तर चालेल, शब्द मोडता कामा नये.” फार खुशीत असतात. पूर्वी गाण्याच्या बैठकीत ताठ बसायचे, आता आपल्या सतरंजीवर मांडी घालून बाबांशी वाद घालतात.

आता आज सकाळचं.

तात्यासाहेब नेहमीसारखं म्हणाले, “सखारामजी, आज कुठला शब्द?” बाबांनी कपाटावर बोट दाखवलं. कपाटावर तुझा जुना तानपुरा आहे, चादरीत गुंडाळलेला. मी म्हटलं, “तानपुरा?” मान नाही. “गाणं?” नाही. माझ्या मनात आलेलं नाव मी ओठ दाबून आत ठेवलं.

तात्यासाहेबांना उमगलं. ते हळूच म्हणाले, “लेकीचं नाव घ्यायचंय? अहो, मग एवढं अवघड कशाला करताय? तुम्ही पोरीचं नावच सरगमचं ठेवलंय.” आणि निषादावर आले, तिथून षड्जावर. नि… सा.

बाबांनी ‘नि’ धरला. धरूनच ठेवला. तुला माहीत आहे तो सूर कसा ओढतो पुढं, ‘सा’वर यावंच लागतं. पण बाबा येईनात. तिथंच थांबून राहिले, श्वास संपत आला, गळ्याची शीर फुगली. तात्यासाहेबांनी मदत केली नाही. मला वाटलं, सोडून देतील आता. आणि मग ते आले. ‘सा’ म्हणा, ‘शा’ म्हणा. आपल्याकडं तसंही तुला निम्मी गल्ली निसाच म्हणायची.

मग त्यांनी श्वास घेतला. पुढं काय करायचं ते कुणी सांगितलं नव्हतं, चालही लावली नव्हती. बाबा त्याच ‘सा’वर म्हणाले, “ये.”

अजिनाथनं फोन चालू केला होता, तात्यासाहेबांची नवी चाल टिपायला म्हणून. ते सगळं त्यात आहे. आज तुझ्या नंबरवर पाठवतेय. ऐक किंवा ऐकू नको. मी काही म्हणायला सांगितलेलं नाही, एवढंच तुला सांगायचं होतं.

करुणाताई


२४ ऑगस्ट

निशा,

तू धारवाडला पोचल्याचा फोन केलास तेव्हा म्हणालीस, आता फोन आहेच की, पत्रं कशाला? तरी लिहितेय. काही गोष्टी फोनवर सांगायला गेलं की तू मध्येच ‘हो का, हो का’ करतेस.

मे महिन्यात तू आलीस त्या सकाळचं तुला माहीत नसलेलं सांगते. रिक्षा खाली थांबायच्या आधी बाबांनी अजिनाथकडून दोनदा दाढी करून घेतली होती. एकदा रात्रीच, आणि पहाटे खुंट वाढले म्हणून पुन्हा. निळा सदरा मला इस्त्री करायला लावला. आणि खुर्ची भिंतीशी अशी लावून घेतली की दारातून येणाऱ्याला त्यांची डावी बाजू दिसावी. तू आत आलीस आणि सरळ उजव्या बाजूला जाऊन बसलीस, तो लुळा हात मांडीवर घेऊन. त्यांची सगळी मांडणी तू दोन मिनिटांत उधळलीस.

आणि तिसऱ्याच दिवशी भांडलात. तू तात्यासाहेबांना म्हणालीस की ‘चहा गोड नाही’त कोमल गंधार जरा जास्तच होतोय, आणि बाबा एकदम ओरडले, “गप गं!” सगळे थिजले. तुझ्याही लक्षात यायला वेळ लागला की ते गायले नाहीत. नुसते बोलले. सुराशिवाय आलेला तो पहिला शब्द. संस्कृतीनं त्या दिवशी आपल्या सगळ्यांसाठी आइस्क्रीम आणलं होतं.

त्यानंतर सगळं सोपं झालं असं नाही. तू गेल्यावर मध्ये आठ-दहा दिवस बाबा एकदम मागं गेले. ‘पाणी दे’सुद्धा हरवलं. संस्कृती म्हणाली, असं होणार, अधूनमधून होत राहणार. त्या दिवसांत तू रोज सकाळी फोनवर तानपुरा लावून त्यांच्यासोबत बसलीस, काही न म्हणता. ते बाबांना कळत होतं. फोन कानाला धरून ठेवायचे.

नाटकाचा पहिला प्रयोग जुलैत झाला. तुला यायला जमलं नाही. चांगला झाला. थोडा लांबला, मधला प्रवेश मी कापणार आहे. अजिनाथनं ओठ सरळ ठेवला. शब्दासाठी तो नुसता थांबतो आणि लोक श्वास धरून बसतात. पडदा पडल्यावर गाणारे मागं आले, नाटकवाल्यांशी बोलत उभे राहिले. तात्यासाहेब प्रत्येकाला सांगत होते, “पुढच्या प्रयोगाला अंतरा बदललेला असेल, परत यावं लागेल.” फर्दापूरच्या एका शाळेनं प्रयोगाला बोलावलंय. तिथं मैदानात करायचाय.

आता आज सकाळचं. ह्यासाठीच हे पाकीट.

आजच्या ‘सध्या काय?’चे पाहुणे ठरले होते एक तबलजी. त्यांना ताप आला. सकाळी सतरंज्या टाकून झाल्या, लोक यायला लागले आणि खुर्ची रिकामी. मी माइकवर कार्यक्रम रद्द झाल्याचं सांगणार तेवढ्यात बाबा उठले. काठी टेकत टेकत पुढं आले आणि त्या खुर्चीत बसले.

मी त्यांना हळूच म्हटलं, “बाबा, इथं प्रश्न विचारतात. त्रास होईल.”

“विचार,” बाबा म्हणाले. सुरात नाही. असंच.

मग मी विचारलं. बापाला असं चारचौघांत ‘अहो सखारामजी, सध्या काय?’ विचारताना माझाच आवाज नीट लागेना.

बाबांनी डावा हात गुडघ्यावर ठेवला. ठेका धरला. मला वाटलं, उजेडाच्या वाटेचं म्हणतील, सगळ्यांना येतं ते. पण चाल ओळखीची नव्हती. मी तात्यासाहेबांकडं पाहिलं, त्यांनी हात हलवले, मला नाही माहीत म्हणून. बाबा गायले:

‘शब्द गेला गावाला, सूर राहिला घरी;
सूर म्हणे शब्दाला, ये रे लवकर माघारी.’

अडत अडत. ‘लवकर’पाशी फार वेळ थांबले. पण आले.

निशा, हे त्यांनी केलंय. नवं. आई गेल्यापासून त्यांनी एक ओळ रचली नव्हती, होतं तेच म्हणत आले. आणि आता, तोंडात मावतील एवढेच शब्द हाताशी असताना, त्यातले वेचून वेचून हे केलं. सगळा पावसाळा ते गॅलरीत बसून ओठ हलवत होते, मला वाटायचं व्यायाम करतायत.

हॉलमध्ये टाळ्या वाजल्या नाहीत. कुणाला सुचलंच नाही. मग तात्यासाहेबांनी जागेवरून विचारलं, “सखारामजी, मुखडा बेहद्द सुंदर आहे. अंतरा?”

बाबांनी डोकं हलवलं. नाही. अंतरा नाही.

“करणार ना?”

पुन्हा नाही. मग छातीवरचा खिसा चाचपला, फोन काढला आणि वर धरला. पडद्यावर तुझा फोटो होता, संस्कृतीनं लावून दिलेला, तुला फोन लावायला सोपं जावं म्हणून.

“निशा करील,” बाबा म्हणाले.

अजिनाथ मागं उभा होता. त्याला राहवलं नाही. त्याला तुमचं सगळं माहीत आहे, नाटकासाठी मीच सांगितलंय. म्हणाला, “बाबा, पण कोणत्या चालीत करायचं तिनं? तुमच्या, का शास्त्रीय?”

बाबा विचार करत राहिले. शब्द शोधत होते का उत्तर, ते मला कळलं नाही. खाली रस्त्यावर भाजीवाल्याची हाक चालू होती. शेवटी त्यांनी फोन खाली घेतला, मांडीवर उलटा ठेवला आणि म्हणाले,

“तिच्या.”

दोन्ही ओळी वर लिहिल्यात. चाल मी लिहून पाठवू शकत नाही, हे पत्र मिळालं की फोन लाव, ते स्वतः म्हणून दाखवतील. घाई नाही म्हणतायत. पण मी स्वयंपाकघरातून बघतेय, मघापासून फोन मांडीवर घेऊन दारातल्या खुर्चीत बसून आहेत.

करुणाताई